पूरक म्हणजे किती अंश?

बारावीची परीक्षा संपल्यावर ताईनं भाचीला सीईटीच्या तयारीसाठी माझ्याकडे पुण्याला पाठवलं. रात्रीची जेवणं झाली की ती डायनिंग टेबल पुसून घेते आणि त्यावर आपला सगळा संसार मांडते. रफ कागदांचा गठ्ठा, रिफिल संपत आलेली तीन पेनं, खडीसाखरेची डबी आणि सराव चाचण्यांचे निकाल येतात तो मोबाइल. त्या रात्री मी ओट्यावर दूध विरजत होते. तिनं तिथूनच हाक मारली, "मावशी, यांनी उत्तर चुकीचं दिलंय बघ." आवाजात तक्रार नव्हती, खात्री होती. मी हात पुसून गेले. प्रश्न साधा होता. ए आणि बी हे कॉम्प्लिमेंटरी कोन असतील, तर साइन वर्ग ए अधिक साइन वर्ग बी किती? तिनं कागदावर दोन ओळींत सोडवलं होतं. पूरक कोनांची बेरीज १८०. म्हणून बी बरोबर १८० वजा ए. १८० मधून वजा केलं तरी साइन तोच राहतो. म्हणून उत्तर, दोन साइन वर्ग ए. आणि तो पर्याय चारांमध्ये होताच. तिनं आनंदानं त्यावर बोट ठेवलं होतं आणि पुढे गेली होती. उत्तरसूचीत मात्र 'एक' होतं.

मी म्हटलं, "अगं, कॉम्प्लिमेंटरी म्हणजे नव्वद." ती म्हणाली, "पण कॉम्प्लिमेंटरी म्हणजे पूरक ना? मी डिक्शनरीत बघितलंय." आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. खरंच होतं. पूरक. मी म्हटलं, "भूमितीत नाही. भूमितीत कॉम्प्लिमेंटरी म्हणजे कोटिकोन. पूरक कोन म्हणजे सप्लिमेंटरी." तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सप्लिमेंट म्हणजे पुरवणी. बोर्डाच्या पेपरला घेतो ती." तेही खरंच होतं. तिनं कागद उलटा केला आणि काही न बोलता पुढचा प्रश्न घेतला. मी परत ओट्यापाशी आले, तोवर दूध पार निवलं होतं.

तिची एकही पायरी चुकली नव्हती.

हीच गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली. डिक्शनरी बरोबर होती. सातवीचं बालभारतीचं पुस्तक बरोबर होतं. त्यात कोटिकोन म्हणजे ज्यांची बेरीज ९० आणि पूरक कोन म्हणजे ज्यांची बेरीज १८०, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. प्रश्न काढणारा बरोबर होता. भाचीला साइनचा गुणधर्म येत होता, वर्ग येत होता, बेरीज येत होती. सगळे आपापल्या जागी बरोबर असताना मधल्या मध्ये एका मुलीचे दोन मार्क गेले. आणि ते ज्या फटीत पडले, ती फट मला चांगली ठाऊक आहे. १९९६ साली मी तिच्यात पडले होते.

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावातून दहावी करून मी अकरावी सायन्सला सांगलीला आले. दहावीला भूमितीत माझे चारच मार्क गेले होते. भूमिती मला नुसती येत नव्हती, ती माझी होती. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं डाव्या बाजूला लिहून पुढं एकेक विधान आणि समोर कंसात त्याचं कारण लिहीत जायचं, आणि शेवटच्या ओळीला पोचलं की विहिरीतून भरलेली घागर काठावर आणून ठेवल्यासारखं वाटायचं. आमच्या वेळी त्रिकोण 'अबक' असायचा. त्याच्या शिरोबिंदूंवर ती तीन अक्षरं लिहिताना पेन्सिलीला टोक काढून घ्यायची सवय होती मला. आता बालभारतीच्या मराठी पुस्तकातही त्रिकोण 'एबीसी' असतो, आणि ते एका अर्थी बरंच झालं. निदान अक्षरं तरी पुढं बदलत नाहीत.

कॉलेजच्या वर्गात शंभरावर मुलं होती. पंखे आवाज करायचे आणि सरांचं इंग्रजी त्या आवाजावरून वाहत यायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढला, समोरच्या तिरप्या बाजूवर खडू टेकवला आणि विचारलं, ही कोणती बाजू? मी चौथ्या बाकावर होते. मी मोठ्यानं म्हटलं, "कर्ण." सर खडू तसाच धरून थांबले. वर्गावरून त्यांची नजर फिरली, माझ्यावरूनही फिरली, आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मागून एक मुलगा म्हणाला, "हायपोटेन्यूज." सरांनी मान हलवली आणि पुढं लिहायला लागले. कुणी हसलं नाही. सरांनी माझा अपमान केला असंही मला त्या वेळी वाटलं नाही, आजही वाटत नाही. कदाचित पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकूही गेलं नसेल. पण उत्तर दिलेलं असताना प्रश्न तसाच उभा राहतो, हा अनुभव मला तोवर नव्हता. त्या दिवशी होस्टेलवर मी चादर डोक्यावरून घेऊन पडून राहिले. जेवायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. प्रत्येक पानावर मध्ये रेघ मारली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. व्यास, डायमीटर. परीघ, सर्कमफरन्स. जीवा, कॉर्ड. स्पर्शिका, टँजंट. समलंब चौकोन, ट्रॅपिझियम. लंबदुभाजक, पर्पेंडिक्युलर बायसेक्टर. वृत्तचिती, सिलिंडर, आणि सिलिंडर तर घरोघरी गॅसचा असतोच, तरी तो शब्द भूमितीत दिसला की मी दचकायचे. नुसती दोन रकाने भरण्याची गोष्ट असती तर महिन्याभरात संपली असती. पण शब्द एकास एक लागत नाहीत. आपण तिरक्या रेघेला कर्ण म्हणतो, मग ती त्रिकोणाची असो की चौकोनाची. इंग्रजीत त्रिकोणाची हायपोटेन्यूज आणि चौकोनाची डायगोनल. उलट इंग्रजीत मीडियन एकच, आणि आपल्याकडे भूमितीत ती मध्यगा, संख्याशास्त्रात तो मध्यक. समभुज त्रिकोण आणि समभुज चौकोन ही आपल्याकडे सख्खी भावंडं आहेत, नावावरूनच कळतं की बाजू सारख्या. इंग्रजीत एक इक्विलॅटरल आणि दुसरा ऱ्हॉम्बस, नात्याचा मागमूस नाही. डिग्री म्हणजे कोनाचा अंश, पण बहुपदीची डिग्री म्हणजे कोटी. आणि आपल्याकडे अंश म्हणजे पुन्हा छेदाच्या डोक्यावरचा. राइट अँगलवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. राइट म्हणजे बरोबर, राइट म्हणजे उजवा. मग हा कोन बरोबर आहे म्हणून राइट की उजवीकडं आहे म्हणून? काटकोन डावीकडं काढला तर त्याला काय म्हणायचं? विचारायला कुणी नव्हतं, असं नाही. पण असं विचारायला तोंड उघडायचं म्हणजे पुन्हा चौथ्या बाकावरून 'कर्ण' म्हणण्यासारखं होतं.

सगळ्यात जास्त अडवलं ते मात्र भूमितीच्या मोठाल्या शब्दांनी नाही. ते बिचारे लांबूनच दिसायचे आणि पाठ होऊन जायचे. अडवायचे ते बारके शब्द. लेट. सच दॅट. रिस्पेक्टिव्हली. ॲट लीस्ट. डिस्टिंक्ट. पुस्तकातलं दर दुसरं गणित 'लेट' ह्या शब्दानं सुरू व्हायचं. मला 'लेट' दोनच ठिकाणचा माहीत होता: एसटी लेट आहे तो, आणि सांगलीत बंगल्यांच्या फाटकावर 'टू लेट' अशा पाट्या असत तो. डिक्शनरी म्हणाली, होऊ देणे, परवानगी देणे, भाड्यानं देणे. क्ष ला काय होऊ देणे? तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात, मेसच्या रांगेत ताट धरून उभी असताना, एकदम लक्षात आलं. समजा. अरे, हे तर 'समजा'! समजा क्ष ही एक संख्या आहे. समजा अबक हा त्रिकोण आहे. सातवीपासून ज्या शब्दानं मी प्रत्येक गणिताचं दार उघडत आले होते, तोच शब्द इथं दुसऱ्या वेशात दारात उभा होता आणि मी त्याला ओळखलं नव्हतं. मी रांग सोडून खोलीवर गेले आणि वहीत लिहिलं. 'समजा, लेट.' त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. त्या दिवसापासून पुस्तक वाचताना माझ्या मनात 'समजा' हाच आवाज यायला लागला, आणि खरं सांगायचं तर गणितं सुटायला लागली ती तेव्हापासून.

सुट्टीत घरी गेले तेव्हा अण्णा एका घराच्या पायाची आखणी करत होते. माझे वडील गवंडी. शाळा चौथीपर्यंत. उन्हाच्या आधी काम उरकायचं म्हणून पहाटेच निघायचे आणि सुट्टी असली की मी सोबत जायची. खुंट्या, सुती दोरी, फक्कीचं घमेलं, ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या. जमीन अजून गार असायची आणि दवानं दोरी ओली होऊन जड व्हायची. एका कोपऱ्यात खुंटी ठोकायची, एका अंगाला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या अंगाला चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट येईपर्यंत दोरी इकडंतिकडं सरकवायची. ते दुसरं टोक धरायचं काम माझं. मोठं घर असलं तर सहा, आठ, दहा. चारी कोपरे बांधून झाले की कोनातनं कोनात दोन्ही तिरपी मापं घ्यायची. दोन्ही सारखी आली की घर गुण्यात बसलं. आठवीत मी त्यांना पायथागोरसचं प्रमेय सांगितलं होतं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, "हे तर आपलं तीन-चार-पाच." त्या सुट्टीत मी त्यांना माझी वही दाखवली. त्यांना इंग्रजी रकाना वाचता येत नव्हता. डावीकडचा त्यांनी बोट ठेवून वाचला आणि एका शब्दावर अडले. "इष्टिकाचिती. हे काय आगं?" मी म्हटलं, "विटेसारखा आकार, अण्णा. इष्टिका म्हणजे वीट." ते म्हणाले, "मग वीट म्हणा की."

हे वाक्य मला फार वर्षांनी कळलं.

कारण तोवर मी मनात एक सरळ रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडं माझे शब्द, पलीकडं त्यांचे. माझे शब्द मायेचे, त्यांचे परके. पण अण्णांच्या बाजूनं पाहिलं तर 'क्युबॉइड' आणि 'इष्टिकाचिती' ह्यांच्यात काय फरक होता? दोन्ही शब्द शाळेतून आलेले, दोन्ही त्यांच्या हातातल्या विटेपासून लांबचे. मीच दोन्ही रकाने पाठ केले होते. एक थोडा आधी आणि एक थोडा नंतर, इतकंच. काही वर्षांपूर्वी चाळीसगावजवळच्या पाटण्याला गेले होते. पाटणादेवीच्या डोंगराखालचं ते गाव. तिथल्या शिलालेखाचा शोध डॉ. भाऊ दाजी लाड यांनी लावला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथं मठ स्थापला, त्याला राजानं देणगी दिली, असा तो शके ११२८ चा लेख. वंशावळ, विद्वत्ता, ग्रंथांची थोरवी सगळं संस्कृतात आहे. आणि शेवटी, मठ चालायचा कशावर, बाजारातल्या मालावर आणि घाण्याच्या तेलावर किती देणं द्यायचं, हा भाग आला की लेख मराठीत उतरतो. मी ते वाचलं तेव्हा अण्णांची आठवण येऊन तिथंच एका दगडावर बसले. आठशे वर्षांपूर्वीही गणित एका भाषेत होतं आणि तेल दुसऱ्या भाषेत. घाणेवाल्याच्या मुलीला त्या मठात शिकायला मिळालं असतं, तर तिलाही मध्ये रेघ मारलेली वही करावी लागली असती.

पण म्हणून मराठी शब्दांबद्दलची माझी माया कमी झाली असं नाही. उलट त्या शब्दांच्या आत काय आहे ते पाहायची ओढ लागली. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं की जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा घ्या आणि त्याची दोन टोकं सरळ रेघेनं जोडा. धनुष्यच होतं ते. ज्या म्हणजेही तीच दोरी. आर्यभटानं ४९९ साली 'ज्या'चं कोष्टक दिलं ते ह्या दोरीच्या अर्ध्या लांबीचं, तीच आजची साइन. आणि त्रिज्या? मला कायम वाटायचं की ह्यातलं 'त्रि' कुठून आलं, तीनाचा आणि वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराचा संबंध काय? तर त्रिज्या म्हणजे तीन राशींची ज्या. एक रास ३० अंशांची, तीन राशी ९० अंशांच्या, आणि ९० अंशांची ज्या वाढत वाढत मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराएवढी होते. साइन ९० बरोबर एक, हे अख्खं सूत्र एका शब्दात घडी घालून ठेवलेलं आहे, आणि ती घडी न उलगडता आपण तो शब्द सहावीपासून वापरतो. साइनची गोष्ट तर आणखी लांबची. जीवा हा शब्द अरबांकडे गेला तो 'जीबा' होऊन. अरबी लिपीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढं कुणीतरी तो 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीवरचा घोळ. बाराव्या शतकात युरोपात लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा घोळ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द 'सायनस' तिथं बसला, आणि त्याचं साइन झालं. त्याच शतकात, ११५० च्या सुमारास, भास्कराचार्य लीलावती लिहीत होते. म्हणजे माझ्या वहीतल्या उजव्या रकान्यातला निदान एक शब्द आपल्याच घरातून निघून, वाटेत वाचणाऱ्याची चूक होऊन, नाव बदलून परत आलेला आहे. तो परका म्हणून मी त्याला घाबरले होते.

पूरक कोनाची ती रात्र उलटल्यावर दुसऱ्या संध्याकाळी मी हे सगळं भाचीला सांगितलं. मी रंगून गेले होते. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग अगदी मनापासून विचारलं, "मावशी, हे सीईटीला येत नाही ना?" नाही येत. तिला एकेचाळीस दिवस राहिले होते. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. त्या १०८ सेकंदांत आधी प्रश्न वाचायचा, मग तो मनात मराठीत आणायचा, मग सोडवायचा. आणायला दहा दहा सेकंद लागले तरी ५० प्रश्नांत आठ मिनिटांहून जास्त जातात. आठ मिनिटांत तिचे चार प्रश्न होतात, आठ मार्क. मुलं एकेका मार्कानं मागं पडतात तिथं आठ मार्क. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. पण भाचीनं विचार करून नको म्हटलं. तिचं म्हणणं, दहावीला 'निश्चयक' शिकले, अकरावीला तेच 'डिटर्मिनंट' म्हणून शिकले, पण जे अकरावी-बारावीतच पहिल्यांदा भेटलं त्याचं मराठी नाव मला कुणी सांगितलंच नाही. मराठीत पेपर घेतला तर अर्धे शब्द तिथंच पहिल्यांदा वाचायचे. तिचं बरोबर होतं. दहावीपर्यंत एक काठ, अकरावीपासून दुसरा, आणि मधला पूल बांधायचं काम कुणाकडेच दिलेलं नाही. मोठ्या शहरातली बरीच मुलं सेमी इंग्रजीतून येतात, त्यांना पुलाची गरज पडत नाही. तिच्या शाळेत सेमी नव्हतं. ह्याचा मला राग येतो. सत्तावीस वर्षांनीही त्याच फटीत त्याच गावची मुलगी पडावी, ह्याचा येतो.

आणि स्वतःचाही येतो, कारण ह्या सत्तावीस वर्षांत मी तो पूल ओलांडून इंजिनिअर झाले, इमारतींची डिझाइनं करायला लागले, आणि पूल विसरले. साइटवर गेले की मी अजूनही "गुण्यात घ्या" म्हणते. बिहारमधून आलेले मिस्त्री त्याला गुनिया म्हणतात, ओळंब्याला साहुल म्हणतात, आणि आमचं एकमेकांना एका शब्दानं कळतं. ऑफिसात आले की तेच मी इंग्रजीत बोलते. ही उडी आता मला जाणवतही नाही. त्या रात्री भाचीला मी किती सहज म्हटलं, "भूमितीत नाही", जणू ही तिनं जन्मतःच जाणायची गोष्ट होती.

मग आम्ही रोज रात्री अर्धा तास ठरवला. गणितं सोडवायची नाहीत, फक्त प्रश्न वाचायचे. तिनं एक प्रश्न इंग्रजीत वाचायचा आणि सोडवण्याआधी काय विचारलंय ते मराठीत मला सांगायचं. तीन रात्रींतच दिसलं की तिला अडवणारे शब्दही तेच आहेत. कॉन्सेक्युटिव्ह म्हणजे क्रमागत, हे तिला ठाऊक होतं, पण 'कॉन्सेक्युटिव्ह ईव्हन' आलं की ती पाच आणि सहा घ्यायची, ईव्हन म्हणजे 'सुद्धा' असं धरून. 'ॲट लीस्ट दोन' म्हणजे दोन किंवा जास्त, हे ती जाणायची, तरी घाईत 'लीस्ट' दिसला की हात कमी करण्याकडं वळायचा. होल नंबर म्हणजे पूर्ण संख्या आणि इंटिजर म्हणजे पूर्णांक संख्या. एकात ऋण संख्या येत नाहीत, दुसऱ्यात येतात, आणि मराठीत दोन्ही नावं इतकी जुळी की तिनं दहावीपासूनच ती एक समजली होती. सबटेंड ह्या शब्दाशी तर आम्ही दोघी झगडलो. जीवा वर्तुळाच्या मध्याशी कोन सबटेंड करते. मी म्हटलं, मध्यावर उभं राहा आणि जीवेच्या दोन्ही टोकांकडे दोन हात पसर. हातांमध्ये जेवढा कोन होईल तो. तिनं खुर्ची मागं सारली, उभी राहिली आणि टेबलाच्या दोन कोपऱ्यांकडे हात केले. आठवडाभरात स्लोपला तिनं आपण होऊन 'चढ' म्हणायला सुरुवात केली. तिच्या शेताला चढ आहे. पाणी कुठून कुठं जातं ते तिला माहीत आहे, म्हणून ऋण चढ तिला सांगावा लागला नाही.

परवा रात्री मी लवकर झोपले होते. अकराच्या सुमारास तिनं येऊन दिवा लावला. हातात वही. तिनंही केली आहे वही, पण तिच्या पानावर तीन रकाने आहेत; तिसऱ्याला तिनं 'खूण' असं नाव दिलंय. "मावशी, हे बघ ना. कॉम्प्लिमेंटरी, कोटिकोन, कोसाइन. तिन्हीकडं को. आणि सप्लिमेंटरीचा स म्हणजे सरळ. सरळ रेघेचे १८०." मी उठून बसले. इतक्या वर्षांत हे मला दिसलं नव्हतं. मी तिला सांगितलं की कोसाइनमधला 'को' हा कॉम्प्लिमेंटमधलाच 'को' आहे. कोन ए असेल तर त्याच्या कोटिकोनाचा साइन म्हणजे ए चा कोसाइन. आणि आपल्याकडेही कोसाइनला कोटिज्याच म्हणतात, त्यातली कोटी आणि कोटिकोनातली कोटी एकच. ती पलंगाच्या कडेवर बसली. "मग त्या प्रश्नात साइन बी म्हणजे कॉस ए. साइन वर्ग ए अधिक कॉस वर्ग ए." "हो." "म्हणून एक." "हो."

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण कोटी म्हणजे काय? शंभर लाख?"

मी चष्मा शोधला. तिच्या हातातला रफ कागद घेऊन उलटा केला आणि त्यावर एक धनुष्य काढलं. ही वाकवलेली काठी म्हणजे चाप. ही ताणलेली दोरी म्हणजे जीवा. काठीच्या दोन्ही बाजूंना जिथं दोरी बांधतात, ती वळलेली टोकं म्हणजे कोटी. तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि चापाच्या दोन्ही टोकांना दोन छोटे ठिपके दिले. मग काठी तशीच पुढं वळवत नेली, सावकाश, हात न उचलता, पूर्ण वर्तुळ होईपर्यंत.